लाकूडकामाच्या मशीनची मोटर बंद पडली तर काय तपासायचं आणि खर्च कुठे होतो

मशीनचं बटण दाबलं, नुसता घूं आवाज आला आणि पातं जागचं हललं नाही की बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात की मोटर जळली, आणि चार बोल्ट काढून मोटर उचलून थेट वाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटरच्या आतली तार नव्याने गुंडाळून देणाऱ्याकडे, नेतात. तिथे खोलल्यावर कळतं की गेला होता फक्त कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा छोटा डबा), किंवा तोही नाही, स्विचमध्ये भुसा भरला होता. वाइंडिंग खरंच जळलेलं असेल तर ते लपत नाही, जळक्या वार्निशचा एक उग्र वास येतो, एकदा नाकात बसला की परत चुकत नाही. तो वास नसेल तर अजून आशा आहे असं समजा.

या लेखाचा सगळा हिशोब एवढाच आहे की तपासणी फुकटच्या टोकापासून सुरू करायची, मग स्वस्त पार्ट बघायचे, आणि महागाच्या पार्टला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आणि मोटर जळलीच असेल तर कशाने जळली ते शोधल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, कारण कारण तसंच राहिलं तर नवं वाइंडिंगही त्याच वाटेने जातं. पार्टचे आणि मजुरीचे दर जागेप्रमाणे आणि तांब्याच्या भावाप्रमाणे बदलतात म्हणून खाली रकमा दिलेल्या नाहीत, कशाचा वाटा किती मोठा ते सांगतो.

हात लावायच्या आधी

स्विच बंद करणं म्हणजे सप्लाय बंद करणं नव्हे. प्लग ओढून काढा आणि तो तुमच्या नजरेसमोर ठेवा. तीन फेजचं मशीन असेल तर मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) खाली करून शक्य असल्यास कुलूप लावा, नाहीतर कोणीतरी येऊन सहज वर करतो. पातं किंवा कटर काढून ठेवा, आळस करू नका, मोटर तपासताना ती अचानक फिरली तर बोट वाचायला वेळ मिळत नाही.

कपॅसिटर असलेल्या मोटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज शिल्लक असू शकतो. लोक स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढतात, तसं करू नका, कपॅसिटर आतून खराब होऊ शकतो आणि टोकही वितळतं. १५ ते २० किलोओहमचा, २ वॉट किंवा जास्तचा रेझिस्टर दोन्ही टोकांना काही सेकंद लावा, मग मीटरने डीसी व्होल्टेज बघून शून्य आलं की हात लावा. फिलामेंटवाला बल्ब होल्डरसकट घरात असेल तर तोही चालतो.

चालू सप्लायवर मोजमाप करायची सवय नसेल तर ते काम वायरमनवर सोडा. खाली जे आहे त्यातलं बरंचसं सप्लाय काढूनच होतं.

पायरी १: मोटर कुठल्या जातीची ते ओळखा

हे आधी कळलं पाहिजे कारण प्रत्येक जातीचे आजार वेगळे. हातात धरायचा रंधा, सर्क्युलर सॉ, राउटर, जिगसॉ, आणि टेबलावर ठेवायच्या बऱ्याच हलक्या टेबल सॉ आणि थिकनेसर, यांत कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, आवाज कर्कश आणि स्पीड १० हजार आरपीएमच्या वर सहज, राउटरचा तर २० हजारच्या पुढे. बाजूला दोन गोल झाकणं दिसली तर ती कार्बनची.

जड मशीन, कास्ट आयर्नचं टेबल, बेल्ट-पुली, आणि गुणगुणणारा शांत आवाज असेल तर ती इंडक्शन मोटर. नेमप्लेटवर आरपीएम साधारण १४४० असेल तर ती ४ पोल (पोल म्हणजे वाइंडिंगने तयार होणारे चुंबकी ध्रुव), २८८० च्या आसपास असेल तर २ पोल, हे ५० हर्ट्झवर. ६० हर्ट्झवर तेच आकडे १७२५ आणि ३४५० च्या जवळ येतात. अंगावर एक किंवा दोन फुगवटे असतील तर त्यात कपॅसिटर, म्हणजे सिंगल फेज. फुगवटा नाही आणि टर्मिनल बॉक्समध्ये तीन किंवा सहा टोकं असतील तर तीन फेज.

नेमप्लेटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भुशाने झाकलेली असली तर पुसून काढा. व्होल्ट, अँपिअर, किलोवॉट, फ्रेम नंबर, इन्सुलेशन क्लास, ड्युटी, हे सगळं पुढे लागणार आहे. ड्युटीच्या रकान्यात एस६ ४०% असं असेल तर समजा ही मोटर फुल लोडवर सलग चालवायची नाहीच, १० मिनिटांतली ४ मिनिटं लोड आणि बाकी वेळ रिकामी फिरणं असं धरून ती बनवलेली आहे. लाकूडकामाच्या बऱ्याच मशीनवर असंच लिहिलेलं असतं आणि विकत घेताना कोणी ते वाचत नाही.

पायरी २: मोटरच्या बाहेरचं सगळं

सगळ्यात आधी सॉकेट. त्याच सॉकेटवर दुसरं काहीतरी लावून बघा. मग एक्स्टेंशन वायर, बारीक आणि लांब वायरवर मोठी मोटर चालवली की सुरू होताना व्होल्टेज बसतं, कारण सुरू होतानाचा करंट चालतानाच्या ५ ते ७ पट असतो. इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं तर ताकद जवळजवळ १९ टक्के जाते. मोटर उचलत नाही, फिरली तरी जोर नाही, अशी तक्रार असेल तर मशीन वायरशिवाय थेट सॉकेटला लावून बघा. गुंडाळलेली एक्स्टेंशन तर कधीच वापरू नका, ती स्वतःच तापते.

मग मोटरच्या अंगावर छोटं लाल बटण आहे का बघा, ते ओव्हरलोडचं. गरम मोटरवर ते दाबून बसत नाही, अर्धा तास थंड होऊ द्या, मग दाबा, टक असा आवाज आला पाहिजे. ते परत परत उडत असेल तर बटणाला दोष देऊ नका, मोटर खरंच तापतेय.

त्यानंतर स्विच. लाकूडकामाच्या मशीनवर हिरवं-लाल असं जे बटण असतं, लाइट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ न देणारं, त्याच्या आत एक कॉइल आणि पॉइंट असतात आणि बारीक भुशाला तिथे जायला फार आवडतं. बटण दाबून धरलं तर चालतं आणि सोडलं की बंद पडतं असं होत असेल तर दोष बहुतेक त्या कॉइलमध्ये किंवा होल्डिंग पॉइंटमध्ये आहे, मोटर ठणठणीत आहे. सप्लाय काढून स्विच खोला, ब्रशने झाडा, पॉइंट काळे-खडबडीत झाले असतील तर स्विच बदला. पॉइंट पॉलिश पेपरने घासून वापरतात लोक, थोडे दिवस चालतं, मग आणखी लवकर जातं.

पायरी ३: बेल्ट काढा

ही पायरी बरेच जण सोडतात आणि इथेच अर्धे निकाल लागतात. सप्लाय काढलेला असताना बेल्ट उतरवा आणि मोटरची पुली हाताने फिरवा. गुळगुळीत फिरून हळूहळू थांबली तर मोटरचं यांत्रिक अंग ठीक आहे. आता पात्याचा किंवा कटर ब्लॉकचा शाफ्ट फिरवा. तो जड असेल, घरघर करत असेल तर दोष मशीनच्या बेअरिंगमध्ये आहे आणि मोटर बिचारी उगाच बदनाम झालीय.

बेल्ट काढून मोटर सुरू केली आणि ती मस्त फिरली, पण बेल्ट लावल्यावर दम तोडतेय, तर क्रमाने बघा: पातं बोथट आहे का, दातांवर डिंक-राळ चिकटून काळी झालीय का, बेल्ट वीणेच्या तारेसारखा ताणलाय का, थिकनेसरमध्ये एका पासात जास्त माल काढायचा प्रयत्न चाललाय का, फेन्स (लाकूड टेकवायची पट्टी) पात्याला समांतर आहे का. बोथट पात्याने जेवढ्या मोटरी जाळल्या असतील तेवढ्या वाइंडिंगच्या दोषाने नसतील असं माझं ठाम मत आहे. लाकडाच्या कापावर करपल्याचे काळे डाग येत असतील तर मोटर आधीपासूनच जास्त करंट खातेय हे धरून चाला.

मोटरला ब्रेक असेल, म्हणजे बंद केल्यावर पातं झटकन थांबत असेल, तर तो ब्रेक पूर्ण सुटतोय का तेही बघावं लागतं. अर्धवट अडकलेला ब्रेक मोटरला दिवसभर भाजत राहतो.

बेअरिंगबद्दल इथेच सांगून टाकतो. शाफ्ट वर-खाली हलवून ढिलाई जाणवली किंवा फिरवताना वाळू दळल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलं. जुन्या बेअरिंगवर नंबर असतो, ६२०३, ६२०४, ६२०५ असा. ६२०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, ६२०४ म्हणजे २०, ६२०५ म्हणजे २५. ६२०३ मात्र १७ चं, तिथे हे गणित चालत नाही. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूला पत्र्याचं झाकण, टूआरएस असेल तर रबराचं सील, आणि भुशाच्या कामाला रबरवालंच घ्या. मोटरसाठी सी३ लिहिलेलं मागा, गरम झाल्यावर आत थोडी जास्त मोकळीक लागते म्हणून. काढताना पुलर वापरा, बसवताना दाब फक्त आतल्या रिंगवर द्या, बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करतं. आणि दोन्ही बाजूंची एकदमच बदला, मोटर खोलायची मजुरी तर एकदाच लागतेय.

पायरी ४: सिंगल फेज मोटर घूं करतेय पण उचलत नाही

पुली हाताने मोकळी फिरतेय, सप्लाय पोचतोय, तरी नुसता घूं आवाज, तर संशय तीन जणांवर: स्टार्ट कपॅसिटर, सेंट्रीफ्यूगल स्विच आणि स्टार्टिंग वाइंडिंग. याच क्रमाने बघा कारण किंमतही याच क्रमाने वाढते. आणि महत्त्वाचं, घूं करत असलेली मोटर दोन-तीन सेकंदांच्या वर चालू ठेवू नका, त्या अवस्थेत करंट सुरुवातीएवढाच जास्त असतो आणि वाइंडिंग भाजून निघायला फार वेळ लागत नाही. चांगल्या मोटरी अशाच मारल्या जातात, आता उचलेल मग उचलेल म्हणून बटण दाबून धरायचं.

कपॅसिटर डिस्चार्ज करून काढा. फुगलेला, तडकलेला, तेल किंवा चिकट द्रव गळलेला असेल तर मोजायचीही गरज नाही. नाहीतर मायक्रोफॅरड मोजणारा मीटर लावा. स्टार्ट कपॅसिटर बहुधा काळ्या प्लास्टिकचा गोल डबा असतो आणि त्यावर १५०–१८० अशी रेंज छापलेली असते, वाचन त्या रेंजमध्ये आलं पाहिजे. रन कपॅसिटर, म्हणजे मोटर चालू असताना सतत जोडलेला राहणारा, लहान आकड्याचा असतो, दहा-वीस-चाळीस मायक्रोफॅरड, आणि छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. रन कपॅसिटर कमजोर झाला तर मोटर सुरू होते पण लोडवर बसते आणि जास्त तापते, लोक तेव्हाही वाइंडिंग कमजोर झालं असं म्हणतात.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, कमी कधीच नाही. स्टार्टचा रनच्या जागी लावायचा नाही, स्टार्टवाला काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो, सतत लाइनवर राहिला तर फुटतो. त्याला वारंवार चालू-बंदही सोसत नाही, साधारणपणे तासाला २० स्टार्ट एवढीच त्याची ताकद धरतात, म्हणून प्रत्येक कापानंतर मशीन बंद करायची सवय असेल तर ती मोडा.

सेंट्रीफ्यूगल स्विच मोटरच्या मागच्या झाकणाखाली असतो. मोटर थांबलेली असताना त्याचे पॉइंट जुळलेले असतात, स्पीड साधारण ७५ टक्क्यांवर पोचला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट सुटतात, स्टार्टिंग वाइंडिंग सर्किटमधून बाहेर पडतं. मोटर बंद केल्यावर ती हळू होत असताना एक स्पष्ट टक आवाज येतो, तो याचाच. नीट चालत असताना एकदा हा आवाज कान देऊन ऐकून ठेवा. पॉइंट भुशामुळे जुळतच नसतील तर मोटर नुसती घूं करणार. पॉइंट चिकटून सुटतच नसतील तर मोटर सुरू होईल पण गुरगुरत राहील, पटकन गरम होईल आणि नवा कोरा स्टार्ट कपॅसिटरही उडवेल. कपॅसिटर बदलला आणि आठवड्यात परत गेला अशी तक्रार असेल तर दुसरा कपॅसिटर आणायच्या आधी हा स्विच बघा. साफ करायला ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो, स्प्रिंग ढिली झाली असेल तर पूर्ण सेट बदलावा लागतो आणि तो फार महाग नसतो.

पायरी ५: वाइंडिंग मोजणं

मल्टिमीटर ओहमवर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, जे वाचन येईल ते पुढे वजा करा, कारण वाइंडिंगचा रेझिस्टन्स काही ओहमच असतो. सिंगल फेजमध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची तार बारीक म्हणून त्याचा रेझिस्टन्स बहुधा रनिंगपेक्षा जास्त येतो. काहीच वाचन आलं नाही तर वाइंडिंग तुटलंय, किंवा नशीब असेल तर फक्त टर्मिनलजवळचा जॉइंट सुटलाय. तीन फेजमध्ये तिन्ही वाचनं जवळजवळ सारखी पाहिजेत, एक ठळकपणे वेगळं आलं तर आत शॉर्ट किंवा ओपन आहे.

यानंतर बॉडीला करंट उतरतोय का ते. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर बघतो आणि ओलसर इन्सुलेशन त्याला चांगलं दिसतं. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारा मीटर) लागतो, कपॅसिटर आणि ड्राइव्ह (मोटरचा स्पीड बदलणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) असेल तर तो सोडवून मगच लावायचा. सुदृढ मोटर दहा-वीस ते शेकडो मेगाओहम दाखवते, १ मेगाओहमच्या खाली आली तर ती चालवायची नाही. पण कमी वाचन म्हणजे लगेच जळलेली असंही नाही, पावसाळी हवेत बरेच दिवस पडून राहिलेली मोटर ओल धरते, खोलून कोरड्या गरम जागी वाळवली की वाचन वर येतं. मेगर बहुतेक वाइंडिंगवाल्यांकडे असतो, वाचन किती आलं ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

तीन फेजवाल्यांसाठी

इथला सगळ्यात मोठा खुनी म्हणजे एक फेज जाणं. एक फ्यूज उडाला किंवा कॉन्टॅक्टरचा (स्टार्टरमधला चुंबकाने चालणारा स्विच) एक पॉइंट जळला की थांबलेली मोटर घूं करते, पण चालू असलेली मोटर दोन फेजवर तशीच फिरत राहते, आणि तेवढंच काम करायला उरलेल्या लाइनमधून साधारण पावणेदोन पट करंट ओढते. म्हणून ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद करणारा, नेमप्लेटच्या अँपिअरवरच सेट पाहिजे. ट्रिप होतोय म्हणून स्क्रू पुढे फिरवून ठेवणारे महाभाग प्रत्येक कारखान्यात भेटतात, मग रिले असून नसल्यासारखा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात चालवणारा) रिले फेजच्या वायरवर बसवलेला असेल तर सेटिंग लाइन करंटच्या ०.५८ पट येतं, हे वायरमनशी बोलून नक्की करा.

तिन्ही फेजमधलं व्होल्टेजही सारखं पाहिजे. १ टक्क्याचा फरक करंटमध्ये ६ ते १० पट होऊन दिसतो, म्हणजे व्होल्टेजमध्ये ३ टक्के तफावत असेल तर एका फेजचा करंट वीस-तीस टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो आणि तेच वाइंडिंग आधी तापतं.

मोटर खरंच जळली तर खोलल्यावर आतला फोटो मागून घ्या, किंवा समोर उभं राहून बघा, कारण जळण्याचा नकाशा कारण सांगतो. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र जोडलेली) दोन फेजची कॉइल काळी आणि एक स्वच्छ, किंवा डेल्टात (तिन्ही एकमेकांना त्रिकोणात जोडलेली) एक काळी आणि दोन स्वच्छ, म्हणजे एक फेज गेला होता, तुमचा फ्यूज, कॉन्टॅक्टर, टर्मिनल तपासा. सगळं वाइंडिंग सारखंच काळं म्हणजे ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा हवा न मिळणं. एकाच जागी छोटासा जळका डाग आणि बाकी सगळं नवंकोरं, तर तारेतला शॉर्ट, ओल, किंवा बेअरिंग गेल्यामुळे रोटर घासला. एवढं बघितलं नाही तर रिवाइंडिंगचे पैसे दुसऱ्यांदा द्यायची तयारी ठेवा.

कार्बनवाली हत्यारं

सुरूच होत नाही, किंवा मध्येच बंद पडून ठोकल्यावर चालतं, तर पहिल्यांदा कार्बन काढून बघा. पाच-सहा मिलिमीटर उरले असतील तर बदला, जोडीनेच बदला, आणि होल्डरमध्ये सहज सरकतात का, स्प्रिंगमध्ये जोर आहे का ते बघा. नवे घातल्यावर थोडा वेळ रिकामं चालवा म्हणजे कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) गोलाईला बसतं.

कार्बनजवळ बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. पण कम्युटेटरच्या पूर्ण गोलावर लालसर आगीचं कडं दिसत असेल, जोर कमी झाला असेल आणि वास येत असेल तर आर्मेचर (आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) गेलं असं समजा आणि तिथेच थांबा, चालवत राहिलात तर फिल्ड कॉइलही (बाहेरची न फिरणारी) जाते. आर्मेचर, दोन बेअरिंग आणि कार्बन मिळून खर्च बऱ्याचदा नव्या हत्याराच्या निम्म्याला जाऊन टेकतो. हलक्या हत्यारात हा खर्च करू नये. चांगल्या प्रतीचं जड राउटर किंवा सर्क्युलर सॉ असेल आणि गिअर, बॉडी, बेस शाबूत असेल तर कंपनीचं आर्मेचर टाकून अनेक वर्षं निघतात. रिवाइंड केलेलं आर्मेचर घेताना बॅलन्सिंग केलंय का विचारा, २० हजार आरपीएमला थोडा असमतोलही बेअरिंग खातो आणि हाताला मुंग्या आणतो.

लेथवर किंवा नव्या मशीनवर ड्राइव्ह असेल तर आधी त्याच्या स्क्रीनवरचा एरर कोड मॅन्युअलमध्ये बघा, आणि झाकण उघडायच्या आधी मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं पूर्ण थांबा, आतले कपॅसिटर जीवघेणा चार्ज धरून असतात. ड्राइव्हची दुरुस्ती घरी करायच्या भानगडीत नव्या माणसाने पडू नये.

भुसा आणि उष्णता

बंद बॉडीच्या मोटरला मागचा पंखा आणि अंगावरच्या पट्ट्या थंड ठेवतात, त्या पट्ट्यांत भुसा बसला की मोटरला गोधडी पांघरल्यासारखं होतं. मर्यादेच्या वर दर १० अंश तापमानाला इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा एक जुना ठोकताळा आहे, नेमप्लेटवरच्या इन्सुलेशन क्लास बी ची मर्यादा १३० अंश, एफ ची १५५. व्हॅक्युमने ओढून घ्या. हवेच्या प्रेशरने फुंकायचंच असेल तर प्रेशर कमी ठेवा, जोराची हवा भुसा बेअरिंगमध्ये आणि स्विचमध्ये कोंबते. आणि कार्बनच्या ठिणग्या आणि साठलेला बारीक भुसा यांची संगत आग लावू शकते हे वेगळं सांगायला नको.

आता खर्चाचं

चढत्या क्रमाने बघितलं तर साधारण असं: साफसफाई आणि बेल्ट काढून बघणं फुकट, मग कार्बन आणि कपॅसिटर, मग स्विच किंवा सेंट्रीफ्यूगल सेट, मग बेअरिंगची जोडी मजुरीसह, आणि इथून एकदम मोठी उडी मारून रिवाइंडिंग, आर्मेचर आणि ड्राइव्ह.

रिवाइंडिंगच्या बिलात तांब्याचं वजन, मजुरी, वार्निश आणि भट्टी, बेअरिंग, आणि नेण्या-आणण्याचा खर्च असतो. लहान मोटरमध्ये तांबं थोडं पण हाताचं काम जवळजवळ तेवढंच, म्हणून १ एचपीच्या आतली साधी मोटर रिवाइंड करणं बहुतेक वेळा परवडत नाही. मोठ्या मोटरमध्ये गणित उलटं फिरतं. माझा ठोकताळा असा की एकूण खर्च नव्या मोटरच्या निम्म्याच्या वर गेला तर नवीच घ्यावी, पण त्याला एक मोठा अपवाद आहे: जिथे मोटरचा शाफ्ट हाच पात्याचा शाफ्ट आहे, किंवा मोटरची बॉडी मशीनच्या आकारातच ओतलेली आहे, तिथे बाजारातली साधी मोटर बसतच नाही, मग कंपनीचा पार्ट किती महाग आणि किती दिवसांनी मिळतो त्यावर ठरवायचं. मशीन धंद्याचं असेल तर बंद राहिलेले दिवसही बिलात धरा, कधीकधी तोच सगळ्यात मोठा आकडा निघतो.

काम द्यायच्या आधी वाइंडिंगवाल्याला सरळ विचारा. तार तांब्याची की अॅल्युमिनियमची, जुन्याचं गेज आणि टर्न मोजून तेवढेच टाकणार का, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणार की नुसतं वरून ओतणार, बेअरिंग आणि कपॅसिटर या रकमेत धरलेत का, वॉरंटी किती, आणि जुनं तांबं कोणाचं. शेवटच्या प्रश्नाला लाजू नका, भंगारात त्याला चांगली किंमत येते आणि ते ठेवून घेणार असतील तर बिलात फरक पडला पाहिजे. जुनं वाइंडिंग काढताना गॅसच्या ज्योतीने स्टेटर (मोटरचा न फिरणारा लोखंडी भाग) लालबुंद करणारे असतील तर दुसरीकडे जा, त्याने लोखंडी पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर कायमची गरम चालते.

नवी मोटर घ्यायची ठरली तर फक्त एचपी सांगून चालत नाही. फ्रेम नंबर बघा, फ्रेम ९० म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ९० मिलिमीटर. फ्रेम ८० चा शाफ्ट १९ मिलिमीटरचा, ९० चा २४ चा, १०० चा २८ चा, म्हणजे फ्रेम बदलली की पुलीही बदलते. पायावर बसणारी की फ्लँजवर, आरपीएम किती, आणि बॉडी पूर्ण बंद पाहिजे, उघड्या जाळीची मोटर भुशात टिकत नाही, स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

परत बसवताना

पातं न लावता मोटर क्षणभर सुरू करा आणि फिरण्याची दिशा बघा. रिवाइंडिंगनंतर टोकं अदलाबदल होणं अगदी नेहमीचं आहे आणि उलट फिरणाऱ्या सॉवर पात्याचं नट सैल होऊ शकतं. तीन फेजमध्ये कुठलेही दोन फेज बदलले की दिशा बदलते, सिंगल फेजमध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं उलटी करावी लागतात. अर्थिंगची वायर बॉडीला घट्ट लावलीय ना ते हाताने ओढून बघा, दुरुस्तीनंतर सगळ्यात जास्त विसरली जाणारी वायर तीच.

मग बेल्ट आणि पातं लावून एका वायरभोवती क्लॅम्प मीटर लावा, पूर्ण केबलवर लावलात तर शून्य दाखवेल. रिकामा करंट बघा, नेहमीचं लाकूड कापतानाचा बघा, नेमप्लेटच्या खाली आहे ना याची खात्री करा, तीन फेज असेल तर तिन्ही वायरवर. हे आकडे तारखेसकट मार्करने स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढे कधी मशीन जड वाटलं तर परत क्लॅम्प लावायचा, रिकामा करंट तोच असेल आणि कापतानाचा वाढला असेल तर पातं उतरवून धार लावायला पाठवा, मोटरला हात लावू नका. रिकामाच वाढला असेल तर बेल्ट काढून पायरी ३ पासून सुरू करा.